अंगठा घेतला, म्हणजे संमती मिळाली का?

सामाजिक संशोधनातील नीतीविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी सहा येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे आणि गावे छापलेली नाहीत. एका पत्रलेखिकेने ‘माझे नाव छापण्यास हरकत नाही’ असे कळवले होते; परंतु तिच्या पत्रात तिने भेट दिलेल्या घरांचे उल्लेख आहेत, आणि तिचे नाव कळले की त्या घरांपर्यंत पोहोचणे अवघड नाही. म्हणून तेही गाळले आहे.

प्रश्न : मी समाजकार्याची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या आरोग्यावर प्रबंध लिहिण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रातील एका कारखान्याच्या परिसरात, तोडणी कामगारांच्या अड्ड्यावर गेले होते. मुकादमाने चांगले सहकार्य केले. टोळीतल्या सगळ्या बायकांना एकत्र बसवून ‘मॅडम विचारतील ते सांगा आणि अंगठे द्या’ असे सांगितले. ४० मिनिटांत २२ संमतिपत्रे झाली. नमुना इंग्रजीत आहे, कारण विद्यापीठाने तोच मंजूर केला आहे. मार्गदर्शक म्हणतात, कागदपत्रे पूर्ण आहेत. तरी मला काहीतरी चुकल्यासारखे वाटते.

उत्तर : तुम्हाला वाटते ते खरे आहे. तुमच्याकडे २२ अंगठे आहेत; त्यांतल्या किती जणींची संमती आहे, हे तुम्हालाही सांगता येणार नाही आणि मलाही.

मुकादमाने दिली ती अड्ड्यावर येण्याची परवानगी. ती घ्यावीच लागते, कारण त्याला डावलून तुम्ही गेला असतात तर त्याचा राग तुमच्यावर नव्हे, त्या बायकांवर निघाला असता. परंतु येण्याची परवानगी आणि माहिती देण्याची संमती या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी देण्याचा अधिकार त्याला नाही. ज्या जोडप्याने हंगामापूर्वी त्याच्याकडून उचल घेतली आहे आणि ज्याचा एकेक खाडा त्या उचलीच्या हिशेबात धरला जातो, त्या जोडप्यातील बाई त्याच्यासमोर ‘मला नाही सांगायचे’ असे कशी म्हणेल? नकार देता येत नसेल, तेथे होकाराला काही किंमत उरत नाही. त्यातून या कामात ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम बाजूला झाला तरी नवरा तेथेच असतो, आणि पाळीच्या दिवसांतील त्रास किंवा पिशवी काढल्याची गोष्ट त्याच्यासमोर बोलायची की नाही, हेही तिनेच ठरवायचे आहे.

अंगठ्याविषयी थोडे अधिक लिहितो. आपल्याला संमतिपत्र म्हणजे सहभागी व्यक्तीचे संरक्षण वाटते. जिने आजवर अंगठा उचलीच्या कागदावर, सावकाराच्या वहीत किंवा जमिनीच्या व्यवहारात दिला आहे, तिला तो बांधून घेतल्याची खूण वाटते. इंग्रजी कागदावर अंगठा घेतल्याने तिचे संरक्षण होत नाही; झालेच तर विद्यापीठाचे होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आरोग्यविषयक सामाजिक संशोधनालाही लागू होतात. वाचता न येणाऱ्या व्यक्तीची संमती घेताना निःपक्षपाती साक्षीदार असावा, असे त्यांत सांगितले आहे. विशिष्ट परिस्थितीत नीती समितीच्या, म्हणजे संशोधन नीतीला धरून आहे का हे आधी तपासणाऱ्या समितीच्या, मान्यतेने तोंडी संमतीचीही सोय आहे. मुकादम हा निःपक्षपाती साक्षीदार नव्हे, हे वेगळे सांगायला नको. समितीने इंग्रजी नमुना मंजूर केला असेल, तर मराठी नमुना आणि तो मोठ्याने कसा समजावून सांगणार याची टिपणी घेऊन तिच्याकडे पुन्हा जा. टोळी तांड्यावरची असेल तर गोरमाटी ही बंजारा बोली बोलणारी सोबतीण घ्या. अशी दुरुस्ती समित्या सहसा नाकारत नाहीत. मागायला कोणी जात नाही, हीच अडचण असते.

आता वेळेचे पाहा. पहाटे अंधारात उठून फडात जाणाऱ्या, दिवसभर मोळ्या वाहणाऱ्या आणि गाडी भरायला कोणत्याही वेळी हाक आली तर उठणाऱ्या बाईची मोकळी अशी वेळ नसते. तुमच्या मुलाखतीचा तास तिच्या झोपेतून किंवा स्वयंपाकातून जातो. त्या वेळेचा मोबदला देणे गैर नाही. मात्र तो इतका मोठा नसावा की केवळ त्यासाठी एखादीने नको ते बोलावे, आणि मुलाखत अर्धी सोडणाऱ्या बाईलाही तो मिळाला पाहिजे.

हा विषय नाजूक का आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. २०१९ मध्ये राज्य शासनाने नेमलेल्या समितीसाठी बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतील १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. तेव्हापासून या बायकांना भेटायला पत्रकार, विद्यार्थी, संस्था आणि चित्रफिती बनवणारे अनेकजण येऊन गेले. ‘पिशवी काढली का?’ हा प्रश्न तिला कितव्यांदा विचारला जातो आहे, याचा विचार प्रश्नावली छापण्यापूर्वी करा. जे आधीच प्रसिद्ध झाले आहे, ते तिच्या तोंडून पुन्हा वदवून घेण्याची गरज नाही.

त्या २२ कागदांचे काय करावे? एकेकीला स्वतंत्रपणे, शक्य तर हंगाम संपल्यावर तिच्या गावी भेटून नव्याने विचारा. जी नको म्हणेल तिची माहिती काढून टाका. संख्या २२ वरून ९ वर आली तरी चालेल. पहिल्या वेळी काय झाले आणि का बदलले, हे प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात लिहा. चांगला परीक्षक त्याचे गुण कापणार नाही.

प्रश्न : मी समाजशास्त्राचा प्राध्यापक आहे. नीती समित्या औषधांच्या चाचण्यांसाठी ठीक आहेत. आम्ही कोणाचे रक्त काढत नाही, इंजेक्शन देत नाही. केवळ प्रश्न विचारण्याने कोणाचे काय बिघडते?

उत्तर : या समित्यांचा उगम वैद्यकातला आहे, हे खरे. अमेरिकेतील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी ४० वर्षे सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारापासून दूर ठेवून त्यांचा आजार नुसता पाहिला गेला. ते उघडकीस आल्यानंतर नेमलेल्या आयोगाने १९७९ च्या बेलमाँट अहवालात व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय ही तीन तत्त्वे मांडली.

पण समाजशास्त्राचे हातही तितके स्वच्छ नाहीत. लॉड हम्फ्रीज या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात सार्वजनिक स्वच्छतागृहांत समलिंगी संबंधांसाठी येणाऱ्या पुरुषांचे गुपचूप निरीक्षण केले. त्यांच्या मोटारींचे क्रमांक टिपून त्यावरून पत्ते मिळवले, आणि सुमारे वर्षभराने वेश बदलून, आरोग्य पाहणीच्या निमित्ताने तो त्यांच्या घरी गेला. त्या काळी तेथे असे संबंध हा गुन्हा होता. यादी दुसऱ्या कोणाच्या हाती पडली असती तर नोकऱ्या गेल्या असत्या, संसार मोडले असते. त्याच्या निष्कर्षांनी त्या पुरुषांविषयीचे अनेक गैरसमज खोडून काढले, हेही सांगितले पाहिजे. हे उदाहरण अजून वर्गात शिकवले जाते ते यामुळेच, कारण हेतू चांगला आणि निष्कर्ष उपयोगी असूनही रीत चुकीची होती.

आपल्या कामात इजा होते ती शब्दांनी. बोललेले परत घेता येत नाही, आणि छापलेले तर मुळीच नाही. समित्यांविषयीचा तुमचा त्रागा मला अंशतः मान्य आहे. औषध-चाचणीचा अर्ज लोककथा गोळा करणाऱ्याच्या हाती देणे हास्यास्पदच आहे. परंतु आपल्याकडे या क्षेत्रातील माणसांनी स्वतः बसून स्वतःसाठी नियम केल्याचे उदाहरणही आहे. मुंबईच्या ‘सेहत’ या संस्थेच्या पुढाकाराने आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००० मध्येच तयार झाली. समितीशी भांडण्यापूर्वी ती एकदा वाचा.

प्रश्न : मी पाहणीसाठी घरोघर फिरून मुलाखती घेते. फॉर्ममागे पैसे मिळतात. घरातील मारहाणीविषयीचे प्रश्न येतात तेव्हा बहुधा सासू शेजारीच बसलेली असते. परवा एक बाई रडू लागली. मी प्रश्न पूर्ण केले, पण रात्री झोप आली नाही. अशा वेळी काय करायचे असते?

उत्तर : सासू बसलेली असताना ते प्रश्न विचारायचेच नाहीत. यात तडजोड नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा भाग घरातील एकाच स्त्रीला विचारला जातो, तिची निवड यदृच्छेने होते आणि एकांत मिळत नसेल तर तो भाग कोरा सोडला जातो. एकाच स्त्रीला विचारण्यामागचे कारण लक्षात घ्या. जावेला किंवा सासूलाही तेच प्रश्न विचारले गेले, तर आत काय बोलणे झाले हे संध्याकाळपर्यंत घरभर होते, आणि त्याची किंमत जी बोलली तिला मोजावी लागते. या विषयाच्या संशोधनात स्त्रीची सुरक्षितता आधी, हा दंडक जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्येच घालून दिला आहे.

प्रत्यक्षात उपयोगी पडणारी एक युक्ती सांगतो. रेशन, पाणी, मुलांची शाळा अशा विषयांवरचे चार-सहा साधे प्रश्न तोंडपाठ ठेवा. मध्येच कोणी आत आले तर त्याच सुरात त्यांवर या, आणि असे करणार आहात हे त्या बाईला सुरुवातीलाच सांगून ठेवा.

बाई रडली, म्हणजे तुमचे चुकलेच असे नाही. कित्येकींना पहिल्यांदाच कोणीतरी विचारलेले असते. पण त्या क्षणी पेन खाली ठेवावे, पाणी घ्यायला सांगावे, आणि ‘थांबू का, पुढे जाऊ, की हा भाग सोडून देऊ?’ असे तिलाच विचारावे. तिला धीर देताना तुम्ही पूर्ण करू शकणार नाही असा शब्द देऊ नका. मदत कोठे मिळते, हे मात्र तुम्हाला सांगता आले पाहिजे. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयापासून सुरू झालेली ‘दिलासा’ केंद्रे आहेत. तुमच्या जिल्ह्यातील अशा ठिकाणांची यादी पाहणी सुरू होण्यापूर्वी तुमच्या हाती देणे, हे तुम्हाला नेमणाऱ्यांचे काम आहे. ही माहिती तिला तोंडी सांगा किंवा इतर पत्त्यांमध्ये मिसळून द्या. ‘मारहाण झाल्यास’ असे छापलेला कागद त्या घरात राहता कामा नये.

फॉर्ममागे पैसे देण्याच्या पद्धतीविषयी माझे मत स्पष्ट आहे. जिचे पोट पूर्ण भरलेल्या फॉर्मवर अवलंबून आहे, तिने रडणाऱ्या बाईजवळ अर्धा तास बसावे, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार संशोधकाला उरत नाही. घरी बसून भरलेले फॉर्म याच पद्धतीतून जन्माला येतात, आणि दोष मात्र नेहमी तुमच्यासारख्यांना दिला जातो. तुमच्या झोपेचा प्रश्नही पाहणीच्या नियोजनाचाच भाग आहे. आठवड्यातून एकदा सगळ्या मुलाखतकार मुलींनी पर्यवेक्षिकेसह एकत्र बसून ऐकलेले बोलून टाकावे, याची मागणी करा आणि त्या वेळेचेही पैसे मागा.

प्रश्न : गावाचे आणि माणसांचे नाव बदलले की गोपनीयतेची जबाबदारी संपते का? मी सहभागी व्यक्तींना ‘तुमचे बोलणे कोणालाही, कधीही कळणार नाही’ असे लेखी देतो.

उत्तर : दोन्हींचे उत्तर नाही असेच आहे.

माझ्या पहिल्या अभ्यासात मी गावाचे नाव बदलले होते. मात्र लेखात नदीचा घाट होता, जत्रेची तिथी होती आणि ‘तालुक्यातील एकमेव पदवीधर महिला सरपंच’ असा उल्लेख होता. लेख मराठीत आला, शेजारच्या गावातील शिक्षकांनी वाचला आणि आठवडाभरात ती बाई कोण, हे सगळ्यांना कळले. तिने भावकीविषयी सांगितलेली दोन वाक्ये त्यात होती. मी तिची भेट घेऊन माफी मागितली. ती रागावली नाही, पण त्यानंतर माझ्याशी कामापुरतेच बोलली. आपल्याकडे जात, हुद्दा, पोटगाव आणि शिक्षण एवढे चार तपशील जुळले की नावाची गरजच राहत नाही. म्हणून काही तपशील बदलावे लागतात, काही दोन व्यक्तींत वाटून द्यावे लागतात आणि काही उत्तम उद्गार वहीतच ठेवावे लागतात. छापण्यापूर्वी त्या भागातील जाणकार माणसाला मसुदा दाखवून ‘हे कोण, ओळखू येते का?’ असे विचारू नका, कारण तसे विचारणे म्हणजेच गुपित फोडणे. ही कसोटी तुम्हीच त्या गावच्या माणसाच्या नजरेने वाचून लावायची आहे.

आता तुमच्या लेखी हमीविषयी. जनगणनेत दिलेल्या माहितीला १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ चे संरक्षण आहे. ती नोंद तपासण्याचा कोणाला हक्क नाही आणि, त्याच कायद्याखालील खटले वगळता, ती न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. तुमच्या वहीला असे कवच नाही. अमेरिकेतील बॉस्टन कॉलेजने उत्तर आयर्लंडच्या संघर्षातील माजी सशस्त्र कार्यकर्त्यांच्या मुलाखती २००१ ते २००६ या काळात ध्वनिमुद्रित केल्या. बोलणाऱ्याच्या मृत्यूपर्यंत त्या बंद राहतील, अशी त्यांची समजूत करून देण्यात आली होती. २०११ मध्ये ब्रिटिश पोलिसांच्या वतीने न्यायालयीन मागणी आली आणि त्यांतील काही मुलाखती अखेर द्याव्या लागल्या.

आपल्याकडे याहून जवळची अडचण म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविषयीचा २०१२ चा पोक्सो कायदा. त्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचे कळले तर ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि त्यातून संशोधकाला सूट नाही. बालविवाहाचा अभ्यास करताना १६ वर्षांची गरोदर मुलगी समोर बसली, तर तिला दिलेला शब्द आणि कायद्याने लादलेले कर्तव्य यांची तेथेच टक्कर होते. या पेचावर मला समाधानकारक तोड सापडलेली नाही. एवढे मात्र करता येते की मुलाखतीच्या आधी, तिला समजेल अशा भाषेत, ‘अमुक प्रकारची गोष्ट तू सांगितलीस तर मला ती कळवावी लागेल’ हे सांगून ठेवायचे आणि मग काय बोलायचे ते तिला ठरवू द्यायचे. यामुळे काही माहिती मिळणार नाही. न मिळो.

तुमच्या पत्रातील वाक्य बदलून ‘माझ्या हाती आहे तोवर मी तुमचे नाव कोणाला सांगणार नाही, ध्वनिमुद्रण अमुक महिन्यात पुसून टाकीन, कायद्याने मागितले तर माझा इलाज चालणार नाही’ असे करा.

प्रश्न : मी आमच्या समाजाच्या व्हॉट्सॲप गटाचा अनेक वर्षांपासून सदस्य आहे. तेथील लग्नविषयक चर्चा पीएच.डी.साठी वापरता येईल का? मी तेथे आहेच, त्यामुळे वेगळी परवानगी लागू नये.

उत्तर : तुम्हाला गटात घेतले ते नातलग म्हणून, संशोधक म्हणून नव्हे. गटात हेतू स्पष्ट लिहा, हरकत असणाऱ्यांचे संदेश वगळा आणि ज्यांचे शब्द जसेच्या तसे हवे असतील त्यांना स्वतंत्रपणे विचारा. जुने संदेश ज्या विश्वासाने लिहिले गेले त्यात प्रबंध बसत नव्हता, म्हणून ते न वापरलेले बरे. हेतू जाहीर केल्यावर लोक मोजून-मापून बोलतील, ही तुमची भीती रास्त आहे. प्रत्यक्ष भेटीतही लोक तसेच बोलतात.

प्रश्न : मी ग्रामपंचायत सदस्य आहे. आमच्या गावात दरवर्षी कोणीतरी येते, फॉर्म भरते, फोटो काढते आणि जाते. पुढे काय झाले ते कळत नाही. आम्ही काय विचारू शकतो? नाही म्हणू शकतो का?

उत्तर : नाही म्हणू शकता, आणि त्यासाठी कारण देण्याची गरज नाही. मात्र पंचायतीचा होकार म्हणजे घराघराचा होकार नव्हे, एवढे तुम्हीही ध्यानात ठेवा. पंचायत ‘या’ म्हणाली तरी एखाद्या घराने दार लावले, तर तो त्या घराचा हक्क आहे.

येणाऱ्याला विचारण्याचे प्रश्न साधे आहेत. पैसा कोणाचा आहे? माहिती कोठे आणि किती वर्षे ठेवणार? फोटो कोठे छापणार? मध्येच नको वाटले तर काढून घेता येईल का? तुमच्या वर कोण आहे आणि त्याचा फोन नंबर काय? नीट तयारीने आलेला संशोधक या प्रश्नांना अडखळत नाही. जो ‘तुमच्याच भल्यासाठी आहे’ एवढेच सांगतो, त्याला चहा पाजून परत पाठवावे.

माहिती परत आणणे अशक्य नसते. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांचा त्रास असल्याचे १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. ती दोघे आणि त्यांची संस्था त्यानंतरही त्याच जिल्ह्यात राहून काम करीत आली, त्यामुळे ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना तोंड दाखवण्याचा प्रश्न त्यांनी टाळला नाही. प्रत्येक विद्यार्थ्याला असे राहता येणार नाही. परंतु दोन पानी मराठी सारांश आणि ग्रामसभेत अर्धा तास, एवढे कोणालाही जमते.

दक्षिण आफ्रिकेतील सान या आदिवासी लोकांवर पिढ्यान्‌पिढ्या संशोधन होत आले. २०१७ मध्ये त्यांनी स्वतःच संशोधकांसाठी आचारसंहिता तयार करून जाहीर केली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी आणि ठरलेल्या रीतीने येणे या पाच गोष्टी तीत आहेत. तुमच्या ग्रामसभेलाही एका पानाचा ठराव करता येईल. संशोधकाने कोणाला भेटून यावे, परवानगी कोणत्या भाषेतील अर्जावर मिळेल आणि अहवालाची प्रत किती महिन्यांत पंचायतीच्या कपाटात आली पाहिजे, एवढे त्यात लिहा. ठराव झाला की त्याची प्रत आमच्याकडे पाठवा. त्यावर गावाचे नाव असू द्यायचे की नाही, तेही ग्रामसभेलाच ठरवू द्या.